बिनआरशाचा कॅमेरा आणि काकांची शोकेस

फोटो स्टुडिओत माणसं येतात, फोटो घेऊन जातात आणि किस्सा ठेवून जातात. फोटोंचं बरं असतं. मेमरी कार्ड भरलं की कॅमेरा सांगतो. किश्शांचं तसं काही नाही. कुणी चहाला टेकलं की एकेक निघत राहतो, आणि आमच्या स्टुडिओतल्या बहुतेक किश्शांत फजिती होणारं माणूस एकच आहे.

ते माणूस म्हणजे मी.

पाच वर्षं बंगलोरला फोटोग्राफी शिकले. कॅमेऱ्यानं जग बदलता येतं असं तिथं शिकवलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की शेवटचा पेपर झाल्यावर तिसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावला परत! आपल्या भागातले खरेखुरे चेहरे टिपायचे, ही प्रतिज्ञा करून.

आई म्हणाली, "त्यायनं सांगतलं का तुले, टिप म्हनून?"

मी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं आणि बाबांचे शाळासोबती टिकाराम काका यांच्या स्टुडिओत दाखल झाले. स्टुडिओ बस स्टँडच्या रस्त्याला आहे. काका फोटो काढतात, काकी कॉम्प्युटरवर ते नीट करते आणि प्रिंट काढते. दोघांनी मला पहिल्याच दिवशी नाव दिलं : बंगलोर. "काय वो बंगलोर, चाय घेतं का?" अजूनही तेच चालू आहे.

* * *

पहिल्या दिवशी मी बॅगेतून माझा नवा कॅमेरा काढला आणि काकांच्या कॅमेऱ्याशेजारी ठेवला.

काकांचा डीएसएलआर पंधरा वर्षांचा. त्या काळातला सगळ्यात साधा, शिकाऊ लोकांसाठीचा. हाताला लागणारा रबर निघाला होता, तो काकांनी सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवला होता. बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती. मी मोठ्या उत्साहानं व्याख्यान सुरू केलं. काका, तुमच्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, फोटो काढताना तो वर उडतो, म्हणून खट्याक आवाज येतो. माझा मिररलेस आहे. यात आरसाच नाही!

काकांनी लेन्स काढायला लावली. आत वाकून पाहिलं.

"रस्त्यात पडला त नाही?"

"नाही काका, कंपनीच ठेवत नाही आता."

"नव्या गोष्टीत सामान वाढते वो. ह्याच्यातलं त काढून घेतलं!"

तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्याचं नाव 'बिनआरशाचा'.

स्टुडिओच्या दारात काचेची एक शोकेस आहे. तिला कुलूप असतं आणि किल्ली काकांच्या कमरेला. आत फक्त चार फोटो. एवढ्या वर्षांत चारच! मी विचारलं, तर काकांनी नियम सांगितला. ज्याचा फोटो आहे, तो माणूस कुणी न सांगता परत आला आणि 'अजून एक कॉपी द्या' म्हणाला, तरच तो फोटो शोकेसमध्ये. चांगला फोटो, वाईट फोटो, लाइट, फोकस, काही संबंध नाही.

मी म्हणाले, "वर्षाच्या आत माझा फोटो तिथं लागणार."

"नाही लागला त?"

"तर हा कॅमेरा पेटीत, आणि मी जन्मभर तुमच्या कॅमेऱ्यावर काम करीन!"

काकी कॉम्प्युटरवरून म्हणाली, "म्या आयकलं बरं का."

* * *

आठवड्याभरात गोंदियाचे एक शेठजी आले. इकडे नातेवाइकांकडे आले होते, घाईचा पासपोर्ट फोटो हवा होता. काका जेवायला गेलेले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी सरळ केली, "हलू नका" म्हटलं आणि फोटो काढले. सहा काढले. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज मी मुद्दाम बंद ठेवलेला, कारण माणूस दचकला की चेहऱ्यातला खरेपणा जातो, असं आम्हाला शिकवलेलं.

मग स्क्रीनवर कोणता चांगला ते पाहत बसले. एक मोठा करून पाहिला, दुसरा मोठा करून पाहिला. वर बघते तो शेठजी तसेच ताठ. चेहरा लाल, मान फुगलेली, डोळ्यांत पाणी.

ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "मॅडम, साँस छोड़ूँ क्या?"

त्या दिवशी संध्याकाळी मी सेटिंगमध्ये जाऊन शटरचा नकली आवाज चालू केला. काकांनी तो दोनदा ऐकला.

"हा आवाज कोन काढून राहिला?"

"स्पीकर आहे आत."

काका म्हणाले, "माह्या कॅमेऱ्यात काही होते म्हनून आवाज येते. तुहा कॅमेरा तोंडानंच खट्याक म्हनते!"

* * *

रोवण्याचे दिवस आले. बांध्यांत पाणी भरलेलं, बायका रांगेनं वाकून धान लावताहेत, वर काळं आभाळ. मी गुडघाभर चिखलात उतरले. म्हटलं, "मावशी, मी इथं नाहीच असं समजा."

त्या समजल्याच. अख्खा दिवस कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त घरी जाताना एकीनं विचारलं, "उद्या येशील का?" मला कोण आनंद झाला! लोक मला स्वीकारायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी गेले तर सगळ्या जणी लग्नाला निघाल्यासारख्या. कुणी जरीच्या काठाचं नेसलेली, कुणी पावडर लावलेली. बांधावर रांगेत उभ्या, हात शिस्तीत खाली. चिखलाचा पत्ता नाही.

मी कळवळून सांगितलं, "मावशी, कालचंच सुंदर होतं. चिखल, घाम, तेच तर खरं!"

त्यातली सगळ्यात पुढची म्हणाली, "काऊन वो बाई, तू तुह्या लग्नाच्या फोटोत चिखल लावून बसशीन का?"

शेवटी मी रांगेचाच फोटो काढला. सगळ्यांनी एकेक कॉपी नेली. दुसरी मागायला कुणी आलं नाही. पहिल्या दिवशीचे चिखलाचे फोटो काढून दाखवले, तर त्यांनी विचारलं, "ह्या कोन्या गावच्या?"

* * *

हिवाळ्यात मी बोदलकसाला गेले. तलावावर पहाटे जाळं ओढतात, धुकं असतं, नंतर ऊन तिरपं येतं. काकांची बहीण तिथं दिलेली, तिच्याकडे मुक्काम केला. निघताना काका म्हणाले होते, "माहा कॅमेरा बी ठेव सोबत." मी हसून नाही म्हटलं. ते हसणं आता आठवलं की कान गरम होतात.

पहाटेपासून काठावर बसले. हवा तसा प्रकाश यायचा होता, म्हणून कॅमेरा चालू ठेवून डोळ्याला लावून बसले. आता, काकांच्या कॅमेऱ्यात आरशातून सरळ समोरचं दिसतं, त्याला बॅटरी लागत नाही. माझ्या कॅमेऱ्यात डोळ्यासमोर छोटा टीव्ही असतो, तो सतत चालू. त्यात थंडी. मी तासभर नुसतं धुकं पाहिलं. कॅमेऱ्यानंही पाहिलं.

ऊन आलं. जाळं वर आलं. मासे चांदीसारखे उडायला लागले. मी बटण दाबलं आणि स्क्रीन काळी!

दुसरी बॅटरी काकांच्या बहिणीच्या घरी, चार्जरला लावलेली. मी तिथंच रडकुंडीला आले. एका म्हाताऱ्या मच्छीमाराला दया आली. त्यानं खरोखर काळजीनं विचारलं,

"बाई, तू जाऊन येवोस्तोवर मासोऱ्या पान्यात परत सोडू का?"

काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "काम करून थकनारे लय पाहलो. नुसतं पाहून थकनारा हा पहिलाच!"

* * *

फेब्रुवारीत लग्नं सुरू झाली. इथं मात्र माझा कॅमेरा काकांच्या कॅमेऱ्याला खाऊन टाकणार होता. काकांच्या कॅमेऱ्यात फोकसचे मोजून नऊ ठिपके, त्यातला मधला एकच त्यांच्या विश्वासाचा. माझा कॅमेरा माणसाचे डोळे आपोआप शोधतो. आपण नुसता रोखायचा, तो डोळा पकडतो आणि सोडत नाही. सगळं लग्न मी वाऱ्यासारखं फिरून टिपलं.

घरी येऊन फोटो उघडले. स्टेजवरच्या एकूण एक फोटोत नवरा-नवरी पुसट.

स्टेजच्या मागे गावच्या एका पुढाऱ्याचा शुभेच्छांचा फ्लेक्स लावलेला होता. दहा फूट उंच. डोळे परातीएवढे. माझ्या कॅमेऱ्यानं सगळं लग्नभर त्याचे डोळे पकडले होते. मिशीचा केस न् केस स्पष्ट!

काका म्हणाले, "कॅमेरा हुशार आहे तुहा. कोनाकडे पाहाचं, त्याले समजते."

नवरीची अब्रू काकांच्या फोटोंनी वाचवली. ते कोपऱ्यात उभे राहून मधल्या ठिपक्यावर एकेक खट्याक करत होते. पण किस्सा तिथं संपला नाही. चौथ्या दिवशी त्या पुढाऱ्याचा कार्यकर्ता स्टुडिओत हजर. "ताई, भाऊंचा फोटो एक नंबर आला म्हंते. एक कॉपी द्या!"

मी उडालेच. काका! शोकेस!

काकांनी किल्लीला हातही लावला नाही. "एक त हा फोटोचा फोटो होय. दुसरं, ज्याचा फोटो आहे त्यानं सोता याले पाहिजे. मानूस धाडून चालत नाही."

* * *

काकीशी माझं एकच भांडण, पण रोजचं. ती प्रत्येक चेहरा कॉम्प्युटरवर गुळगुळीत करते. सुरकुती पुसते, डाग पुसते, रंग दोन घर उजळ करते. मी एकदा चिडून तिला थांबवलं.

"काकी, त्या रेषा पुसू नको! चेहऱ्यावरची रेष म्हणजे त्या माणसाचा इतिहास असतो."

काकी माऊस सोडून माझ्याकडे बघत राहिली.

महिन्याभरानं मला एका प्रदर्शनाच्या अर्जाला स्वतःचा फोटो लागला. माझाच कॅमेरा, खिडकीचा प्रकाश, टायमर. फोटो उत्तम आला. नाकाच्या शेंड्यावर नेमका त्याच दिवशी आलेला फोडही उत्तम आला. मी हळूच काकीच्या खुर्चीमागे गेले.

"काकी, एवढं जरा..."

काकीनं फोटो मोठा केला. फोड स्क्रीनभर.

"राहू दे न वो. इतिहास आहे!"

* * *

मार्चमध्ये सगना आजी आली. जंगलाला लागून असलेल्या गावची. मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, असं सगळं आयुष्य. निराधारच्या पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता. तिचा चेहरा पाहिला आणि मला पाच वर्षांचं शिक्षण एकदम आठवलं. म्हटलं, हाच! शोकेस हाच!

खिडकीशी बसवलं. तिला हिरवं, लाल काठाचं लुगडं होतं, फोटोसाठी पेटीतून काढलेलं, घड्यांच्या रेघा तशाच. मी वीस मिनिटं घेतली. काकीला हातही लावू दिला नाही. अर्जापुरता छोटा फोटो होताच, पण मी माझ्या हौसेनं एक मोठी प्रिंट काढली आणि तिच्या हातात दिली. कपाळावरची एकेक रेघ, हनुवटीवरचं गोंदण, डोळ्यातली खिडकीसुद्धा दिसत होती.

आजीनं फोटो लांब धरला. जवळ धरला.

"हे कोन?"

"तुम्हीच, आजी."

"मी?" तिनं परत पाहिलं. मग पटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला. "काय वो, हे त माही सासू होय!"

मी समजावून सांगायला लागले. लेन्स, प्रकाश, रिझोल्यूशन. आजी ऐकेना. सासू ती सासूच. जाऊन वीस वर्षं झाली म्हणाली, हनुवटी अशीच होती, बघायची पण अशीच. शेवटी काका उठले. आपला जुना कॅमेरा घेतला, फ्लॅश उघडला आणि आजीला भिंतीशी उभं केलं. खट्याक! काकीनं दोन मिनिटांत गुळगुळीत करून प्रिंट दिली. पांढराफटक, सपाट, भिंतीला चिकटलेला फोटो.

आजी एकदम हसली. "हां. हे मी!"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मानूस सोताले आरशात पाहते बाई. तुह्यात आरसाच नाही, त सासू दिसन नाही त काय दिसन?"

अर्जाला काकांचाच फोटो लागला. माझी मोठी प्रिंट मी उचलून टेबलाखाली सरकवत होते, तेवढ्यात आजीनं हात पुढं केला.

"ते बी दे इकडे. सासूले दुकानात कायले सोडू?"

* * *

मे संपत आला. माझ्या वर्षाचे आठ दिवस उरले होते. मी हार मान्य केली होती आणि काकांच्या कॅमेऱ्याची बटणं पाठ करायला घेतली होती. अक्षरं पुसलेली, त्यामुळे काका तोंडी सांगत होते. "हे वरचं उजेडाचं. हे बाजूचं कशाचं, मले बी माहीत नाही. त्याले हात लावत नाही मी."

दुपारी दारात दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला होता. एक सगना आजी, तेच हिरवं लुगडं नेसलेली. दुसरी जाड काचेचा चष्मा लावलेली, तिच्याहून वाकलेली.

"हे माही ननद," आजी म्हणाली. "कोहमाऱ्याले देल्ली आहे. दोन बशी बदलून आली."

नणंदेनं पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला फोटो काढला. माझी मोठी प्रिंट. कपाळाच्या जागी हळद-कुंकू लावलेलं.

"असा अजून एक द्या जी," नणंद म्हणाली. "माह्या मायचा एकबी फोटो नाही माह्याजवर. हा वहिनीच्या घरी लावला. मले माह्या घरी पाहिजे."

मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे. काकीनं माऊस सोडला.

दुसरी कॉपी! कुणी न सांगता! स्वतः येऊन! पण लगेच माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात खाली बसले. ज्याचा फोटो आहे त्यानंच यायला पाहिजे.

काकांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आजी, फोटो कोनाचा म्हनलं?"

"माह्या सासूचा."

"तुमच्या वहिनीचा का मायचा?" काकांनी नणंदेला विचारलं.

नणंदेनं चष्मा वर केला. काका दिवसाढवळ्या काय विचारताहेत, असं तिनं पाहिलं. "आपली माय ओरखत नाही का गा कोनी?"

नियमाप्रमाणे सासूनं यायला हवं होतं, आणि ती वीस वर्षांपूर्वी गेली होती. काकांनी फोटो हातात घेतला. फोटोकडे पाहिलं. समोर उभ्या सगना आजीकडे पाहिलं. परत फोटोकडे.

"आली न," ते म्हणाले आणि काकीला सांगितलं, "दोन काढ. एक नंदेले, एक आपल्याले." आणि कमरेची किल्ली काढली.

शोकेसचं कुलूप गंजलं होतं. तेल घालावं लागलं. काकांनी चारही फोटो थोडे थोडे सरकवले आणि पाचवा मध्ये लावला. दोघी म्हाताऱ्या बाहेर काचेला नाक लावून उभ्या. मी आत, काय करावं ते न समजून, काकांचा कॅमेरा दोन्ही हातांत घट्ट धरून.

नणंद काचेतून खूप वेळ पाहत राहिली. मग भुवया आकसून म्हणाली, "माय त माहीच होय, वहिनी. पन हे हिरवं लुगडं तिच्या अंगावर कधी पाहलं नाही वो म्या."

सगना आजीनं आपला हिरवा पदर सावरला.

"माहंच होय ते. फोटोपुरतं नेसाले देल्लं तिले."